स्थिर आयपीचे पैसे घेतले, पत्ता दिला नाही, आणि दोष माझ्या फायरवॉलला

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
ब्रॉडबँड विभाग

विषय : स्थिर आयपी सुरू न करताच तक्रार ‘ग्राहकाच्या फायरवॉलचा दोष’ असा शेरा मारून बंद केल्याबाबत.

महोदय,

आमचा सुताचा व्यापार इचलकरंजीत, गोदाम हातकणंगल्याला. हिशेबाचा सर्व्हर दुकानात आहे आणि गोदामातल्या मुलांना त्यात आवक-जावक भरायची असते. एवढ्यासाठीच ३ जूनला आपल्याकडून वर्षभराचा स्थिर आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता, घेतला. २,४०० रुपये त्याच दिवशी भरले. पावती जोडली आहे. आज २४ जून. चलनांचे फोटो अजून व्हॉट्सॲपवर येतात आणि रात्री जेवण झाल्यावर मी ती भरत बसतो.

आपला ओएनटी (फायबरचा मोडेम) ब्रिज मोडवर, म्हणजे लाइन नुसती पुढे देण्यापुरता, ठेवून त्यामागे डेबियन लिनक्सचा संगणक राउटर आणि फायरवॉल म्हणून लावला आहे. बाहेरून ८४४३ पोर्टवर (जोडणीच्या क्रमांकावर) आलेली जोडणी सर्व्हरच्या ४४३ वर पाठवायची, तीही फक्त गोदामाच्या पत्त्यावरून आलेली. (गोदामाला दुसऱ्या कंपनीचा स्थिर आयपी आहे, तो पहिल्या दिवसापासून चालतो.) सुरुवातीची चूक माझीच. प्रीराउटिंगमध्ये (पॅकेट आत येताच लागणाऱ्या नियमांत) पोर्ट बदलल्यावर फॉरवर्ड साखळीपर्यंत (ते पुढे सोडायचे की नाही हे ठरवणाऱ्या नियमांपर्यंत) पोचलेल्या पॅकेटवर ४४३ असते, आणि मी तिथे ८४४३ ला परवानगी देऊन बसलो होतो. एक संध्याकाळ त्यात गेली. ती आपल्या खाती टाकत नाही.

नियम सुधारल्यावर मात्र राउटरच्या बाहेरच्या बाजूला लॅपटॉप जोडून, त्याला तात्पुरता परवानगीच्या यादीत घालून पाहिले. सर्व्हर लगेच उघडला. मग आपली लाइन पुन्हा जोडली, टीसीपीडम्प (लाइनवर येणारे-जाणारे प्रत्येक पॅकेट दाखवणारा प्रोग्राम) लावला आणि गोदामातून अर्धा तास प्रयत्न करायला सांगितले. ८४४३ वर एकही पॅकेट आले नाही. आत येणारे पॅकेट टीसीपीडम्पला फायरवॉलच्या आधी दिसते. जे दारापर्यंत आलेच नाही, ते माझा फायरवॉल अडवणार कसा?

कारण राउटरवरच दिसत होते. आपण कळवलेला पत्ता तिथे नाहीच, १००.७८ ने सुरू होणारा पत्ता मिळतो. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ मध्ये सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवला गेला. म्हणजे मी अजून आपल्या सामायिक नॅटच्या, म्हणजे अनेक ग्राहकांना बाहेरचा एकच पत्ता वाटून देणाऱ्या यंत्रणेच्या, मागे आहे. त्या नॅटवर नियम लिहिणे माझ्या हातात नाही, आपल्या हातात आहे.

हे मी ग्राहक सेवेला चार वेळा सांगितले. “नेट चालू आहे ना साहेब? मग लाइन ओके आहे.” नेट चालूच आहे, कारण आतून बाहेर जाणाऱ्याला नॅट अडवत नाही. एकाने तर फायरवॉलच बंद करायला सांगितला. हिशेबाचा सर्व्हर उघडा टाकायचा हा सल्ला आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असा आहे. मी तो मानला नाही, म्हणून १९ जूनला वरचा शेरा मारून तक्रार बंद झाली.

माझ्या लॉगिनला स्थिर पत्ता बांधून द्यावा, ३ जूनपासूनचे दिवस पुढे वाढवून द्यावेत आणि तो शेरा दुरुस्त करावा. पत्ता जोडताना नेटवर्क विभागातला माणूस फोनवर असावा. तपासणी पाच मिनिटांची आहे, मी टीसीपीडम्प लावून बसतो. सात दिवसांत हे झाले नाही, तर दूरसंचार नियामकाच्या २०१२ च्या तक्रार निवारण विनियमांप्रमाणे आपल्याच अपील प्राधिकरणाकडे अपील करीन.

आपला,
एक ग्राहक, इचलकरंजी

सोबत : पावती, टीसीपीडम्पची नोंद, राउटरवरच्या पत्त्याचा स्क्रीनशॉट