पानाला भोक पाडून गाणारा

पुणे, कोजागिरी

प्रिय शरद,

सप्रेम नमस्कार.

रातकिडे रात्रभर कोणासाठी ओरडतात, असं तू विचारलं होतंस. उत्तराला उशीर झाला, पण आठवडाभर माझ्या डोक्यात दुसरं काही नाही.

ओरडतात ते सगळे नर, पंखावर पंख घासून. मादी गात नाही, ती ऐकते. तिचे कान पुढच्या पायांत असतात, गुडघ्याच्या जरा खाली! १९१३ साली योहान रेगन यांनी नराचा आवाज टेलिफोनवरून मादीला ऐकवला, तर ती त्या यंत्राकडे चालत आली. नर दिसत नाही, त्याचा वास नाही, नुसतं गाणं.

पण मला वेड लावलंय ते दक्षिण भारतातल्या एका झाडावरच्या रातकिड्याने, ईकॅन्थस हेन्रीने. फिकट हिरवा, नाजूक जीव, रानतुळशीवर राहतो. मादीला मोठा आवाज आवडतो. मग लहानखुऱ्या, बारीक आवाजाच्या नराने काय करावं? तो पान कुरतडून मधोमध भोक पाडतो आणि त्यात बसून, पंख पानाच्या पातळीला आणून गातो. पंखाच्या पुढून आणि मागून निघालेल्या आवाजाच्या लहरी कडेला भेटून एकमेकींचा जोर मारतात. मध्ये पान आलं की ते टळतं. स्पीकरला खोकं असतं ते याचसाठी. नताशा म्हात्रे आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं, की हा किडा मोठं पान निवडतो आणि भोकही नेमक्या मापाचं पाडतो. कोणी शिकवलेलं नसताना!

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या ऋत्तिक देब, रोहिणी बालकृष्णन यांचं काम २०२० मध्ये आलं. पानाचा आधार घेतात ते मुख्यतः लहान, हळू आवाजात गाणारेच. त्यामुळे त्यांच्याकडेही माद्या येतात, शिवाय मीलनही जास्त वेळ चालतं. हा वेळ फार मोलाचा. नर शुक्रपेशींची पिशवी मादीला चिकटवतो, ती कधी काढून टाकायची हे मादीच्या हाती. जितका उशीर, तितक्या जास्त शुक्रपेशी आत जातात.

याला मादीची फसवणूक म्हणतात, ते मला पटत नाही. पान त्यानेच हेरलं, भोक त्यानेच पाडलं, आणि तिच्यापर्यंत पोचलेला आवाज खरोखरच मोठा होता.

दिवाळीत ये. टेकडीवर रानतुळस माजली आहे. अंधार पडला की टॉर्च घेऊन जाऊ आणि भोक पडलेलं पान शोधू.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
वसंता