यादी आता बदलत नाही

चि. मनू,

काल फोनवर मी मनगट कसं आहे एवढंच विचारलं. तू म्हणालीस, "बाबा, रचनांची यादी गेली, विषय संपला," आणि फोन ठेवलास. पत्र निदान मधेच कट होत नाही. पण हे पत्र मनगटाबद्दल नाही. परवा निघायच्या घाईत तू पियानो स्पर्धेची ती नियमावली पुन्हा उघडणार नाहीस हे मला ठाऊक आहे, म्हणून मी उघडली.

पहिल्या फेरीला तीस मिनिटं. त्यात बाखचा सी शार्प मायनर प्रेल्यूड आणि फ्यूग, शोपँचे दोन एत्यूद, म्हणजे ते बोटांची कसोटी पाहणारे छोटे तुकडे, आणि हायडनचा ई फ्लॅट मेजर सोनाटा, १७९४ चा. कागदावर सगळं बसतं. पण घड्याळ पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत चालतं. मधल्या टाळ्या, स्टूल वर-खाली करणं, घाम पुसणं त्यातच धरतात. हायडनच्या पहिल्या भागात दोन्ही पुनरावृत्त्या घेतल्यास तर तू वेळेबाहेर गेलीसच. त्या ऐच्छिक आहेत, दुसरी सोड. वेळ संपली की परीक्षक थांबवतात आणि त्याचे गुण कापत नाहीत असं लिहिलंय खरं, पण मधेच थांबवल्यावर तुझं पुढचे दोन दिवस काय होतं ते ताईला आणि मला माहीत आहे.

रचना आता बदलता येणार नाहीत. क्रम मात्र आदल्या दिवसापर्यंत बदलता येतो, नीट वाच ते कलम. तू एत्यूद शेवटी का ठेवलेस? ऑपस १० या संचातला दुसरा जेमतेम दीड मिनिटाचा, पण त्यात उजव्या हाताचं मधलं बोट, अनामिका आणि करंगळी यांनी ती क्रोमॅटिक, लागोपाठच्या पट्ट्यांवरची धाव सतत चालू ठेवायची आणि त्याच हाताच्या अंगठ्यानं नि तर्जनीनं खाली कॉर्ड द्यायचे. हाताची जी बाजू सगळ्यांत दुबळी तिच्यावरच सारा भार. आणि त्याच्या जोडीला ऑपस २५ मधला अकरावा, म्हणजे पुन्हा उजवाच हात! निवडीत ऑपस १० मधला बारावाही होता, त्यात डावा हात राबतो. तो घेतला असतास तर… जाऊ दे. मॅडमनी मान्य केलंय म्हणजे विचार करूनच केलं असणार. फक्त एत्यूद बाखनंतर लगेच वाजव. फ्यूगनं बोटं तापलेली असतात, दमलेली नसतात. हायडनचा सगळा सोनाटा पार करून त्या बोटांना पळायला लावू नकोस.

हे भाषण झालं, माफ कर. मला स्वतःला एक सरगमसुद्धा धड वाजवता येत नाही आणि मी तुला बोटांची नावं सांगतोय.

फ्यूगचं मला खरंच काही सांगायचं नाही. एकच धून पाच आवाजांत एकामागून एक येते तो फ्यूग तू पहिल्यांदा वाजवलास तेव्हा चौथा आवाज आत आला की तू मान किंचित वळवायचीस, जणू कुणी दारातून आलंय. त्याच्या आधी, लहान असताना, इन्व्हेन्शन नावाच्या दोन आवाजांच्या साध्या रचनेत तू वाट चुकली होतीस. थांबली नाहीस. कुठूनतरी एक पूल स्वतःच रचलास आणि शेवटच्या ओळीला बरोबर पोचलीस, आणि घरी येईपर्यंत रडलीस. मी तेव्हा काहीच बोललो नाही, कारण मला तो पूल मूळ रचनेपेक्षा आवडला होता. आता सगळं पाठ वाजवायचं असतं, दुसऱ्या फेरीतल्या नव्या रचनेचा कागद तेवढा समोर ठेवायला परवानगी आहे. ठेव. पाठ झाली असली तरी ठेव, त्याचे जास्त गुण नाहीत.

दुसऱ्या फेरीत शूमनची फँटसी, मग ती नवी रचना, शेवटी प्रोकोफिएव्हचा सातवा सोनाटा. फँटसीच्या मधल्या भागाच्या शेवटी त्या उड्या, आणि सगळ्यात शेवटी प्रोकोफिएव्हचा तो सात-अष्टमांशाच्या तालातला घणाघाती तिसरा भाग. शूमनचाही उजवाच हात गेला होता. नाही लिहिणार पुढे.

पियानोवादक फ्लायशरची गोष्ट पुन्हा काढलीत तर बोलणार नाही, असं तू म्हणाली होतीस. पण अर्धीच सांगतो. १९५२ मध्ये ब्रसेल्सची राणी एलिझाबेथ स्पर्धा जिंकलेला माणूस, आणि बारा-एक वर्षांनी उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी आपोआप आत वळायला लागली. त्यानंतर तीसेक वर्षं मुख्यतः डाव्या हातासाठी लिहिलेलं संगीत, शिकवणं आणि ऑर्केस्ट्राचं संचालन. तीच दोन बोटं, मनू. तुझं तसं आहे असं मी म्हणत नाही. डॉक्टर स्नायूंचा ताण म्हणाले, मी तिथेच बसलो होतो. पण विसाव्या कलमात लिहिलंय की डॉक्टरांचा दाखला दिला तर त्याच फेरीत तुझा नंबर शेवटी टाकता येतो. माघार नव्हे, फक्त नंबर. चिठ्ठ्या टाकतानाच विचारून ठेव, म्हणजे ऐन वेळी कुणाला काही समजावत बसायला नको.

अंतिम फेरीत बहुतेक जण चायकोव्हस्कीचा पहिला नाहीतर रखमानिनोव्हचा तिसरा कन्चेर्तो, म्हणजे ऑर्केस्ट्रासोबतची रचना, घेतात. तू बेथोवनचा चौथा घेतलास. काका विचारत होता की त्यानं कुणी जिंकतं का. मी म्हटलं, सगळा ऑर्केस्ट्रा गप्प बसलेला असताना पियानोनं एकट्यानं, तेही हळू आवाजात सुरुवात करायची, याला किती धीर लागतो ते आधी बघ. त्याला कळलं नाही. मला अभिमान वाटतो, तुझ्यासमोर म्हणवत नाही. (आणि त्यात हाताला जरा कमी झीज आहे, हेही खरं.)

पियानो निवडायला प्रत्येकाला दहाच मिनिटं देतात. फँटसीचा मोठा आवाज ऐकून भुलू नकोस, एत्यूद वाजवून बघ. पट्ट्या जड लागल्या तर तो सोड, कितीही गोड असला तरी. कुठला घेतलास तेवढं कळव.

तुझा,
बाबा

ता. क. नव्या रचनेच्या परीक्षकांसाठीच्या प्रती बॅगेच्या मधल्या कप्प्यात ठेवल्यात. जड झाल्यात. बॅग डाव्या हातात धर.