खुनी कोण? रेकॉर्डिंग संपले!

महोदय,

गुन्हे-तपासाच्या मालिकांच्या वेळा सतत बदलतात आणि सेट-टॉप बॉक्सवर रेकॉर्डिंग लावूनही नेमका शेवटच कापला जातो. निव्वळ वेळ टाकून लावलेले रेकॉर्डिंग ठरल्या मिनिटाला सुरू होते नि ठरल्या मिनिटाला थांबते; आधीचा सामना लांबला की पुढचे सगळे सरकते. म्हणून सुरुवातीला ५ आणि शेवटी निदान ३० मिनिटे जास्तीची ठेवावीत. बॉक्समध्ये ती सोय नसेल तर मालिकेनंतरचा कार्यक्रमही रेकॉर्डिंगला लावून टाकावा, मग तो कितीही रटाळ असो.

'संपूर्ण मालिका' हा पर्याय सोयीचा खरा, पण तो वाहिनीने कार्यक्रमपत्रिकेत भरलेल्या माहितीवर चालतो. दोन तासांचा 'विशेष भाग' वेगळ्या नावाने नोंदवला, तर बॉक्स तो सोडून देऊ शकतो. उलट, पुनःप्रक्षेपणे वगळली नाहीत तर जुन्या भागांनीच डिस्क भरते आणि नव्याला जागा उरत नाही. मध्यरात्रीची गफलत वेगळीच: आपण ज्याला शनिवारी रात्रीचे साडेबारा म्हणतो, तो भाग पडद्यावरच्या यादीत रविवारच्या तारखेखाली सापडतो.

वाहिन्यांनी वेळ बदलल्याची पट्टी फिरवताना भागाचा क्रमांकही द्यावा. नुसत्या 'नवा भाग' या शब्दांवरून, मधला एखादा निसटला की नाही, हे कळत नाही.

– एक वाचक