शल्की पाणबुडी मुंबईतच राहू दे

संपादक महोदय, नमस्कार.

4 डिसेंबरला नौदल दिनाची बातमी आपल्या पेपरात फोटोसकट आली, बरं वाटलं, पण 8 तारखेला काहीच नव्हतं. 8 डिसेंबर 1967 ला रिगाला, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत युनियनमध्ये, आपली पहिली पाणबुडी कलवरी नौदलात दाखल झाली, तो आमचा पाणबुडी दिन. मी त्याच फॉक्सट्रॉट जातीच्या बोटीवर नोकरी केली (आम्ही पाणबुडीला बोटच म्हणतो).

मागच्या वर्षी नातवाला विशाखापट्टणमला कुरसुरा दाखवायला नेलं. तीही फॉक्सट्रॉट, 2001 ला निवृत्त झाली आणि आता बीचवर म्युझियम म्हणून उभी आहे. पुढच्या टॉर्पेडोच्या खोलीत त्याला बंक दाखवला, म्हटलं असंच झोपायचो आम्ही, शेजारी टॉर्पेडो, अंगाला कायम डिझेलचा वास, आंघोळ नाही कारण गोडं पाणी मोजून, आणि स्नॉर्केल (हवा आत घ्यायची नळी) पाण्याच्या वर काढून बॅटरी चार्ज करताना लाट आली की वरचा व्हॉल्व्ह बंद व्हायचा, मग इंजिन बोटीतलीच हवा ओढायचं आणि सगळ्यांच्या कानांना दडे बसायचे. तो म्हणाला, आजोबा सकाळ झाली हे कसं कळायचं? म्हटलं नाश्ता आला की. एवढ्या वर्षांत घरी किती वेळा सांगितलं असेल, पण त्या गोल हॅचमधून वाकून पलीकडे गेल्यावर तो पहिल्यांदा गप्प झाला.

पण यासाठी मुंबईच्या पोराला विशाखापट्टणमला न्यावं लागतं याचं फार वाईट वाटतं हो. भारतात बांधलेली पहिली पाणबुडी शल्की, डिझाइन जर्मन पण बांधली आपल्या माझगाव डॉकमध्ये, 7 फेब्रुवारी 1992 ला नौदलात आली. नंतर शंकुल, आणि अलीकडच्या स्कॉर्पीन जातीच्या सहाही पाणबुड्या तिथल्याच, त्यातल्या एकीचं नाव खांदेरी, थळसमोरच्या महाराजांच्या जलदुर्गावरून. आणि माझगाव डॉकजवळच्या डॉकयार्ड रोड स्टेशनला रोज उतरणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे?

माझी विनंती एवढीच की शल्की निवृत्त होईल तेव्हा ती भंगारात जाऊ नये. जुनी विमानवाहू विक्रांत आपल्याकडे म्युझियम होती, 2012 ला बंद झाली आणि 2014 ला दारूखान्यात, म्हणजे मुंबईत जहाजं तोडतात तिथे, तोडली, मी लांबून बघून आलो, दोन दिवस जेवण गेलं नाही. पाण्यात ठेवलेलं जहाज गंजत जातं, खर्च वाढत जातो. पण शल्की जेमतेम 64 मीटरची, कुरसुरासारखी जमिनीवर ओढून घेता येईल, मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर पोर्टाची कितीतरी जागा आहे, फक्त ठरवायला आत्ता घेतलं पाहिजे.

आणि अजून एक. पाणबुडीच्या मुख्य हलचा (पाण्याचा दाब सोसणाऱ्या पोलादी कवचाचा) प्रत्येक जोड एक्स-रे काढून तपासतात, इतकं ते काम नाजूक. शल्कीचं वेल्डिंग ज्यांनी केलं ते कामगार आज सत्तरीच्या आसपास असतील, आपल्या वार्ताहराने त्यांना शोधून त्यांच्याशी बोलावं, त्यांची नावं एकदा तरी पेपरात छापून यावीत.

आपला,
एक निवृत्त पाणबुडी सैनिक, चेंबूर, मुंबई