‘राजश्री’ आधी वितरक, मग निर्माती

माननीय संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत राजश्री प्रॉडक्शन्सवर आलेला लेख वाचला. बडजात्या घराण्याच्या चार पिढ्यांची ओळख त्यात आस्थेने करून दिली आहे, त्याबद्दल लेखकाचे आभार. पण ही कंपनी वाढली कशी, याचं उत्तर त्यांनी एका वाक्यात आटोपलं आहे: घरच्यांसोबत बसून पाहता येतील असे सोज्वळ पिक्चर काढले म्हणून. ते वाचल्यावर हे पत्र लिहायला बसलो.

परतवाड्याच्या एका टॉकीजमध्ये मी मॅनेजर होतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस लागलो आणि टॉकीजला कुलूप लागलं तेव्हा बाहेर पडलो. सोज्वळ पिक्चर त्या काळात पुष्कळांनी काढले. आमच्याकडे शुक्रवारी लागायचे आणि सोमवारी रिकाम्या खुर्च्या पाहून उतरवावे लागायचे. ते काढणाऱ्यांची नावं आज कुणाच्या ओठी नाहीत. राजश्री टिकली, कारण तिचा पाया वितरणाचा होता. लेखात ‘वितरण’ हा शब्द एकदाच आला आहे, तोही जाता जाता.

ताराचंद बडजात्या राजस्थानातल्या कुचामणचे. १९३३ मध्ये कोलकात्याच्या मोतीमहल थिएटर्समध्ये ते बिनपगारी उमेदवार म्हणून लागले. पिक्चर कसा घ्यायचा, कुठे लावायचा, पैसा कसा वसूल करायचा, हे ते तिथे शिकले. १५ ऑगस्ट १९४७ ला त्यांनी मुलीच्या नावाने स्वतःची कंपनी काढली. पहिला स्वनिर्मित पिक्चर ‘आरती’ आला १९६२ मध्ये. मधली पंधरा वर्षं कंपनी दुसऱ्यांचे पिक्चर गावोगाव पोचवत होती. मद्रासच्या जेमिनी स्टुडिओचा ‘चंद्रलेखा’ १९४८ मध्ये हिंदीत आला, तो उत्तरेकडे पोचवण्यात राजश्रीचा हात होता. दक्षिणेच्या निर्मात्यांना हिंदी मुलुखाचं दार उघडलं ते अशा वितरकांमुळे. पुढे स्वतःची निर्मिती सुरू झाल्यावरही दुसऱ्यांचं काम त्यांनी सोडलं नाही. ‘शोले’ आणि ‘अमर अकबर अँथनी’सारखे पिक्चरही त्यांनी वितरित केले.

नव्या वाचकांना या धंद्याची रचना माहीत नसेल, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. सरकारी नकाशावर महाराष्ट्र एक राज्य आहे, पण पिक्चरच्या धंद्यात त्याचे तीन तुकडे होते, तीन वेगवेगळ्या सर्किटमध्ये, म्हणजे वितरणाच्या विभागांत, वाटलेले. पुणे, कोल्हापूर, कोकण हा भाग गुजरात आणि गोव्यासकट मुंबई सर्किटमध्ये. मराठवाडा हैदराबादबरोबर निजाम सर्किटमध्ये. आमचा विदर्भ सी.पी.-बेरारमध्ये, जुन्या मध्य प्रांताच्या खुणा घेऊन. मुंबईचा निर्माता आपला पिक्चर प्रत्येक सर्किटसाठी वेगळ्या वितरकाला विकायचा. आमच्या बाजूच्या वितरकांच्या कचेऱ्या अमरावतीला आणि भुसावळला. बुकिंगसाठी मी अमरावतीला राजकमल चौकात उतरायचो. मुंबईचं तोंड पाहायची गरज कधी पडली नाही.

व्यवहाराचे प्रकार दोन-तीन. काही पिक्चर फिक्स भाड्याने, काही टक्केवारीवर. मोठ्या पिक्चरला वितरक मिनिमम गॅरंटी मागायचा, म्हणजे गल्ला काहीही होवो, ठरलेली रक्कम आधी मोजा. टक्केवारीवर पिक्चर असला की पेटीबरोबर, म्हणजे प्रिंटच्या रिळांच्या खोक्याबरोबर, वितरकाचा माणूस यायचा. तो दर खेळाला तिकीट खिडकीजवळ बसून फाडलेली तिकिटं मोजायचा आणि रात्री रोजच्या वसुलीच्या तक्त्यावर, म्हणजे डी.सी.आर.वर, माझ्या सहीखाली त्याची सही व्हायची. ते तक्ते अमरावतीला जायचे, तिथून पुढे मुंबईला. बाल्कनी भरली आणि खालचा वर्ग रिकामा राहिला, तेही त्यात दिसायचं. लेडीज खेळाला किती बाया आल्या, तिसऱ्या दिवशी पाऊस आला तर किती गळती झाली, तेही.

आता विचार करा. ज्या घरात हे तक्ते देशभरातून वर्षानुवर्षं येत असतील, त्या घरातल्या मुलांना प्रेक्षक कोण आहे हे वेगळं सांगावं लागेल का? बाकीचे निर्माते नट ठरवून मग प्रेक्षक शोधायचे. या घराला प्रेक्षक आधी ठाऊक होता. कमलकुमार, राजकुमार, अजितकुमार हे तिघे मुलगे या हिशेबातच वाढले, आणि पिक्चरला किती खर्च करायचा याचं गणित त्यांचं पक्कं राहिलं ते त्यामुळे, असं माझं ठाम मत आहे.

‘दोस्ती’ घ्या. १९६४ चा पिक्चर, दोन पोरं, एक अंध आणि एक पायाने अधू. नाव घेण्यासारखी हिरोईन नाही, मोठा नट नाही. दोघे पोरगे नवखे, त्यातला सुधीरकुमार हा सावंत, आपला मराठी मुलगा. त्या पिक्चरला सहा फिल्मफेअर पुरस्कार मिळाले. नव्या माणसांवर त्यांनी पैसा लावला याचं लोकांना कौतुक वाटतं, ते योग्यच आहे. पण तो आंधळा जुगार नव्हता. मोठ्या नटाची रक्कम वाचली की पिक्चर थोडक्यात वसूल होतो, आणि तो लावायला टॉकीज शोधत फिरावं लागत नाही, कारण टॉकीजवाल्याशी त्यांचा जुना व्यवहार असतो. ‘पिया का घर’ १९७२ मध्ये काढला तो आपल्या राजा ठाकुरांच्या ‘मुंबईचा जावई’वरून. अमोल पालेकरांचा ‘चितचोर’, सचिन पिळगावकरांचा ‘गीत गाता चल’ आणि ‘नदिया के पार’, हे सगळे याच हिशेबात बसणारे. ‘नदिया के पार’ तर भोजपुरी वळणाच्या बोलीतला. आमच्याकडच्या लोकांना ती बोली परकी, तरी बायांनी तो डोक्यावर घेतला. पहिल्या आठवड्यात गर्दी बेताची होती, दुसऱ्या आठवड्यात वाढली. टॉकीजवाल्याच्या आयुष्यात असा पिक्चर फार थोड्या वेळा येतो, आणि अशा वेळी वितरकाने घाईने पेटी न उचलणं हे फार मोलाचं असतं.

‘सारांश’बद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९८४. शिवाजी पार्कजवळ राहणारे निवृत्त शिक्षक प्रधान आणि त्यांची बायको, परदेशात मुलगा गेलेला, त्याच्या अस्थी मिळवण्यासाठी सरकारी कचेरीत झगडणारा म्हातारा. या पिक्चरमध्ये विकण्यासारखं धंद्याच्या भाषेत काही नव्हतं. तो राजश्रीने काढला. रोहिणी हट्टंगडी आणि अनुपम खेर यांचं काम आमच्या टॉकीजमध्ये फार लोकांनी पाहिलं नाही, पण ज्यांनी पाहिलं ते खेळ सुटल्यावर पायऱ्यांवर बोलत उभे राहिले. ज्या कंपनीला फक्त गल्ला कळतो तिने हा पिक्चर काढला नसता, आणि जिला गल्ला कळतच नाही तिला तो परवडला नसता. आपल्या लेखात ‘सारांश’चं नावही नाही, याचं मला खरोखर वाईट वाटलं.

१९८० च्या दशकाच्या शेवटी कंपनीची स्थिती बिकट होती, हे ताराचंद यांचे नातू आणि दिग्दर्शक सूरज बडजात्या यांनी स्वतःच अनेकदा सांगितलं आहे. घरोघर व्हिडिओ आला होता. आमच्यासारख्या गावात भाड्याने व्ही.सी.आर. आणून रात्रभर तीन पिक्चर पाहायचे, हा नवा उद्योग सुरू झाला होता. ‘मैंने प्यार किया’ १९८९ च्या डिसेंबरच्या अगदी शेवटच्या दिवसांत आला आणि चित्र पालटलं. त्यात रीमा लागू आणि लक्ष्मीकांत बेर्डे होते, त्यामुळे आमच्याकडे तो अर्धा मराठीच मानला गेला. तेलुगूत भाषांतर होऊन तो तिकडेही चालला.

पण वितरणाची खरी करामत पाहायची तर ‘हम आपके हैं कौन’ची. ऑगस्ट १९९४. त्या वेळी रीत अशी होती की जितक्या प्रिंट काढता येतील तितक्या काढायच्या, पहिल्या आठवड्यात गल्ला गोळा करायचा, कारण दुसऱ्या आठवड्यात केबलवाला तो घरात दाखवणार. राजश्रीने नेमकं उलट केलं. सुरुवातीला मोजक्या टॉकीजमध्येच पिक्चर लावला. व्हिडिओ कॅसेटचे हक्क विकले नाहीत. पाहायचा असेल तर टॉकीजमध्येच या, हा एकच मार्ग ठेवला. मुंबईच्या लिबर्टीला तो शंभराहून अधिक आठवडे चालला. गोष्ट तर त्यांच्याच ‘नदिया के पार’ची होती, आमच्या प्रेक्षकांनी बारा वर्षांपूर्वी पाहिलेली.

आमच्यासारख्या लहान गावांना तो उशिरा मिळाला. मी त्या वेळी अमरावतीला चकरा मारून थकलो आणि मालकांची बोलणीही खाल्ली. रागही आला होता. आला तेव्हा पिक्चर साडेतीन तासांच्या घरात, त्यामुळे बारा, तीन, सहा, नऊ हे वर्षानुवर्षांचं वेळापत्रक मोडावं लागलं, दोन खेळांच्या मध्ये झाडू मारायलाही सवड मिळेना. पण माणसं! चिखलदऱ्याच्या बाजूच्या खेड्यांतून बाया ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आल्या. मंगळसूत्र आणि नवी लुगडी घालून, लग्नाला जावं तशा. ज्या बायांनी व्हिडिओ आल्यापासून टॉकीजची पायरी चढली नव्हती त्या परत आल्या. पोरांच्या शिट्ट्यांमुळे लेडीज वर्ग बंद करण्याच्या बेतात असलेले आमचे मालक मग नवे पंखे आणायला निघाले. जो पिक्चर घरात पाहायला मिळत नाही त्याच्यासाठी माणूस घर सोडतो, हे मुंबईत बसून ओळखायला मुलुखभरच्या टॉकीजची नाडी हाताशी असावी लागते.

यानंतरचं थोडक्यात. २००६ मध्ये ‘विवाह’ टॉकीजमध्ये लागला त्याच वेळी कंपनीने तो स्वतःच्या संकेतस्थळावरही आणला. १९९४ मध्ये घरात पिक्चर जाऊ न देणाऱ्यांनी बारा वर्षांनी स्वतःच तो घरात नेला. पुष्कळांना यात विसंगती दिसते. मला नाही दिसत. दोन्ही वेळा प्रेक्षकापर्यंत जाण्याचा रस्ता त्यांनी आपल्या हातात ठेवला, दुसऱ्याला विकला नाही. आज ‘राजश्री मराठी’ नावाची त्यांची वाहिनी यूट्यूबवर आहे, मराठी पिक्चरच्या बातम्या आणि मुलाखती आमच्या घरची मुलं तिथे पाहतात. मराठी प्रेक्षकापर्यंत पोचायचा रस्ता एका मारवाडी जैन कुटुंबाने बांधला, याचा मला आनंद आहे. आणि हे आपल्या लोकांनी का केलं नाही, ही खंतही आहे.

कारण दृष्टांत आपल्याकडे नव्हता असं नाही. व्ही. शांताराम यांच्याकडे राजकमलचा स्टुडिओ होता आणि दादरचं प्लाझाही होतं. बनवणं आणि दाखवणं दोन्ही एका हातात. दादा कोंडके यांना १९७१ मध्ये ‘सोंगाड्या’ लावून घेण्यासाठी दादरच्या कोहिनूर टॉकीजसमोर शिवसेनेची मदत घ्यावी लागली, कारण टॉकीज त्यांच्या हातात नव्हतं. पन्नास वर्षं झाली, आपण अजून तिथेच आहोत. मराठी पिक्चरला पडदा मिळत नाही म्हणून निवेदनं, आंदोलनं, सरकारी आदेश. २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सनी मराठीला प्राइम टाइम द्यावा असं सरकारने सांगितलं, त्यावर केवढा गदारोळ झाला. पण मल्टिप्लेक्स असलेली शहरं किती आणि परतवाडा, अंजनगाव, दर्यापूर, मोर्शी अशी गावं किती?

मॅनेजर असताना मला मराठी पिक्चर हवे असायचे. प्रेक्षक विचारायचे. पुण्या-मुंबईत गाजलेला पिक्चर विदर्भात यायचा तो कधी सहा महिन्यांनी, कधी येतच नसे, कारण विदर्भ वेगळं सर्किट आणि मराठी निर्मात्याची तिथे कचेरी नाही, माणूस नाही. आता प्रिंट आणि पेटी दोन्ही गेल्या, पिक्चर उपग्रहावरून किंवा हार्ड डिस्कवर येतो. अंतराची अडचण संपली. तरी निर्मात्याला प्रत्येक पडद्यामागे डिजिटल प्रक्षेपणाची फी मोजावी लागते आणि टॉकीजवाल्याशी बोलायला त्याचा कुणी माणूस नसतोच. मराठीत चांगले दिग्दर्शक आहेत, नट आहेत, लेखक आहेत. तीन पिढ्या धीर धरून टॉकीजवाल्यांशी हिशेब ठेवणारं एखादं घर मात्र नाही.

म्हणून आपल्याला एक विनंती. आपल्या पुरवणीत दर शुक्रवारी मराठी पिक्चरचं परीक्षण येतं. त्याच्याखाली दोन ओळी वाढवाव्यात: हा पिक्चर विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशात कोणकोणत्या गावांत लागला आहे, आणि त्याचा वितरक कोण आहे. आमच्या भागात अजून चालू असलेल्या टॉकीजची यादी जुन्या सहकाऱ्यांच्या मदतीने करून द्यायला मी तयार आहे. आपल्या अमरावतीच्या वार्ताहरांनी सवडीने कळवावं, मी स्वतः कार्यालयात येऊन भेटेन.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त टॉकीज मॅनेजर
परतवाडा, जि. अमरावती