अण्णांना कळतंय

नाशिक, रविवार

प्रिय वैशू,

अण्णांच्या पक्षाघाताबद्दलचा तुझा व्हॉइस मेसेज पुन्हा पुन्हा ऐकला. फोनवर तुझा कंठ दाटून येतो, मी धीर देत बसते आणि सांगायचं ते राहूनच जातं, म्हणून लिहायला बसले. हे पत्र घरात सगळ्यांना वाचू दे. दादाला तर आवर्जून.

सगळ्यात आधी हे ऐक. अण्णा भ्रमिष्ट झालेले नाहीत. भेटायला येणारे त्यांच्या पलंगाशी बसून "आता यांना काही समजत नाही हो" म्हणतात ना, ते आजपासून बंद कर. दारातच सांग, अगदी मामांनासुद्धा. अण्णा ते ऐकतात, त्यांना ते समजतं, आणि उलटून एक शब्द बोलता येत नाही. मी रोज असे पेशंट हाताळते. अशा वेळी त्यांच्या डोळ्यांत जे दिसतं ते बघवत नाही गं.

एमआरआयचा रिपोर्ट नीट वाचला. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या डाव्या बाजूच्या मिडल सेरेब्रल धमनीच्या वरच्या फाट्यात गुठळी अडकली आणि तिथलं रक्त थांबलं. मेंदूचं वजन सुमारे 1400 ग्रॅम, म्हणजे शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी 20 टक्के एकटा मेंदू घेतो. शिल्लक असं तो काही ठेवत नाही, त्यामुळे रक्त थांबलं की काही मिनिटांतच पेशी मरायला लागतात. पहाटे झोपेतच झटका आला, तो कधी आला हे कुणालाच कळणं शक्य नव्हतं. "आपण लवकर नेलं असतं तर" हा विचार आता डोक्यातून काढ.

डावीकडे इजा आणि लुळा पडला उजवा हात, याचं काकूंना फार नवल वाटतंय. हालचालीचे हुकूम मोठ्या मेंदूच्या वरच्या थरातून निघतात. खाली मानेच्या वर, मस्तिष्कपुच्छापाशी, म्हणजे मेंदूच्या देठाच्या तळाशी आले की त्यातले बहुतेक तंतू बाजू बदलतात आणि मग मेरुरज्जूत, म्हणजे पाठीच्या कण्यातल्या मज्जेत उतरतात. डावा मेंदू उजवं अंग चालवतो तो असा. आणि तू विचारलंस, धरून उभं केलं तर पाय टाकतात, मग हात का हलत नाही? हे हुकूम निघतात त्या वरच्या थरातल्या पट्टीत प्रत्येक अवयवाची जागा ठरलेली असते. चेहरा, जीभ, हात हे बाहेरच्या अंगाला. पायाची जागा मात्र मेंदूच्या दोन गोलार्धांमधल्या, म्हणजे डाव्या-उजव्या अर्ध्यांमधल्या फटीत आत वळलेली, आणि तिथे रक्त आणणारी धमनी वेगळी. एका पाटाचं पाणी अडलं की त्याच्यावरचेच वाफे सुकतात, शेजारच्या पाटावरचे हिरवे राहतात, तसं. उद्या अण्णांना भुवया वर करायला सांगून बघ. तोंड डावीकडे ओढलेलं दिसेल, पण आठ्या अख्ख्या कपाळावर पडतील. कपाळाला दोन्ही गोलार्धांकडून हुकूम येतात, त्यामुळे एक थांबला तरी दुसरा भागवून नेतो.

आता बोलण्याचं. काहीही विचारलं तरी ते "बघ ना, बघ ना" एवढंच म्हणतात, म्हणून दादाला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. वैशू, पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात लबोर्न्य नावाचा एक माणूस वीसेक वर्षं होता. त्याच्या तोंडून फक्त "तां, तां" एवढंच यायचं, इतकं की सगळे त्याला तां म्हणूनच ओळखायचे. पण तिथे किती वर्षं काढली असं विचारलं की तो बोटांनी बरोबर आकडा दाखवायचा. 1861 मध्ये तो वारला तेव्हा पॉल ब्रोका या सर्जनने त्याचा मेंदू तपासला. इजा सापडली डाव्या गोलार्धात, कपाळाच्या मागच्या भागात. त्या जागेला आज ब्रोकाचं नाव आहे, आणि अण्णांच्या मेंदूत रक्त थांबलं ते त्याच भागात. त्यानंतर 1874 मध्ये कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरने मागे, कानाच्या अंगाला असलेली दुसरी जागा दाखवली. ती बिघडली की माणूस घडाघडा बोलतो, पण बोलण्याला अर्थ नसतो आणि दुसऱ्याचंही समजत नाही. अण्णांची ती जागा शाबूत आहे. लांबलचक, गुंतागुंतीचं वाक्य त्यांना अवघड जाईल, पण "चहा हवा का?" हे नक्की समजतं.

दादाने पाटी-पेन्सिल दिली आणि त्यांनी ती भिरकावली म्हणालीस. बरोबरच आहे. लोकांना वाटतं जीभ अडली, लिहून तरी दाखवतील. अडलेली जीभ नाही, मनातल्या अर्थाचा शब्द जिथे जुळतो तिथेच बिघाड आहे, मग तो शब्द हाताने तरी कसा उतरणार? त्यापेक्षा वहीत चित्रं किंवा फोटो चिकटव: पाणी, औषध, संडास, पंखा, नातवंडं. एका वेळी एकच प्रश्न विचार आणि थांब. मनात दहा आकडे मोज, तोवर त्यांच्या तोंडातला शब्द आपण पुरा करायचा नाही. "हो" आणि "नाही"मध्येही त्यांची गल्लत होईल, म्हणून अंगठा वर किंवा खाली करायला शिकव आणि त्यावरच विश्वास ठेव.

आणि भजन! मंडळातली मंडळी आली, त्यांनी सूर धरला आणि अण्णांनी अख्खं कडवं म्हटलं, हे सांगताना तुझा आवाज कसला फुलला होता. तो चमत्कार नाही, पण माझ्या लेखी चमत्काराहून मोठी गोष्ट आहे. नवं वाक्य जुळवायचं काम प्रामुख्याने डाव्या बाजूचं. सूर, लय, वर्षानुवर्षं घोटलेलं पाठांतर यात उजव्या गोलार्धाचा मोठा वाटा असतो, आणि अण्णांचा उजवा गोलार्ध धडधाकट आहे. त्या लबोर्न्यच्याही तोंडून रागाच्या भरात एखादी पुरी शिवी निघून जायची. याच आधारावर 1973 मध्ये बोस्टनमध्ये गुणगुणत बोलायला शिकवायची एक पद्धत बसवली गेली. तू घरी सुरुवात कर. समोर बस, त्यांचा डावा हात मांडीवर ठेक्यात आपटायला लाव, आणि "पा-णी-दे" हे चालीवर म्हण. वार, पाढे, आरती, जे येईल ते रोज म्हणवून घे. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण मेंदूत सुमारे 8600 कोटी चेतापेशी आहेत आणि वापर होत राहिला तर इजेच्या कडेच्या पेशी नवे धागे जोडतात. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा भराभर दिसते. नंतर वेग मंदावतो, तरी बोलणं वर्षांनंतरही सुधारत राहिलेलं मी पाहिलंय.

एक सांगून ठेवते, नाहीतर घरात गोंधळ होईल. अण्णा जांभई देतील तेव्हा तो लुळा हात आपोआप वर उचलला जाऊ शकतो. काकू धावत येतील, "हात हलला!" म्हणून. तो हुकूम अण्णांच्या इच्छेने गेलेला नसतो. जांभई सुरू होते खाली, मेंदूच्या देठातून, आणि तिथून मेरुरज्जूकडे जाणाऱ्या वाटा अजून चालू आहेत. काकूंना ते हळूच समजावून सांग, आस मोडू नकोस.

मामा कबुतराचं रक्त चोळायचं म्हणतायत. अजिबात नाही. रक्तवाहिनी बंद झाली ती कवटीच्या आत, कातडीवर काहीही चोळून तिथे पोचत नाही. शिवाय कुणी त्या नादात बीपीची गोळी बंद केली तर दुसरा झटका दूर नाही. लुळ्या हाताला धरून त्यांना ओढून उठवू नका, खांदा निखळतो. खाणं-पाणी ताठ बसवूनच, हनुवटी जरा खाली, छोट्या घोटांनी. पाणी पिताना ठसका लागतो म्हणालीस, ते मला हलकं वाटत नाही. अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो. उद्याच डॉक्टरांना सांग आणि घोट घेतानाचा एक व्हिडिओ मला पाठव. तोंड आणखी वाकडं झालं, दुसरा हात गळाला किंवा शुद्ध हरपली तर वाट न बघता 108 लाव आणि वेळ लिहून ठेव. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं. ते द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील, पण वेळ त्यांना माहीत हवी.

तुमच्या भागातल्या स्पीच थेरपिस्टची चौकशी मी करतेच आहे. तोवर भजनी मंडळाला सांग, गुरुवारचं भजन अण्णांच्या खोलीतच होऊ दे.

तुझी,
मंगल