वाळू सोडून काय आहे

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत, "त्या जैसलमेरात वाळू सोडून आहे तरी काय?" फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते.

मुळात सगळा राजस्थान वाळूचा नाही. ३,४२,२३९ चौरस किलोमीटरचा मुलूख. २००० साली छत्तीसगड वेगळं झाल्यावर देशातलं सगळ्यात मोठं राज्य हेच. अरवलीची रांग त्याला नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे तिरकी कापत जाते. पूर्वेला चंबळ, कोटा, बऱ्यापैकी शेती. पश्चिमेला आमचं थरचं वाळवंट. अरबी समुद्रावरचे ढग रांगेला आडवे न धडकता तिच्या कडेकडेने निघून जातात. आपण सोलापूरकर स्वतःला दुष्काळी म्हणवतो, पण इथे आपल्या निम्माही पाऊस नाही.

तरी माणसं शतकानुशतकं राहिली, ती पाणी धरून ठेवायच्या अक्कलहुशारीवर. बाबा, तुम्हाला खडीन बघायला आवडेल. खडकाळ उतारावरून येणारं पावसाचं पाणी खालच्या सपाटीवर लांबलचक बांध घालून अडवायचं, ते जमिनीत मुरलं की त्याच ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा काढायचा. पालीवाल ब्राह्मणांनी काही शतकांपूर्वी बसवलेली ही पद्धत आजही चालते. घरोघरी पावसाचं पाणी साठवायला जमिनीखाली टाकं असतं. पुढे पंजाबातल्या हरिके बंधाऱ्यावरून इंदिरा गांधी कालवा आला, गंगानगरकडे गहू-कापूस पिकू लागला. काही ठिकाणी मात्र जमिनी पाणथळ झाल्या.

बाकी भिस्त बाजरी, गवार, मोठ (आपली मटकी) आणि जनावरांवर. आणि खेजडीवर. आई, हे आपल्या शमीचंच झाड. पाला शेळ्यांना, शेंगा म्हणजे सांगरी माणसांना. केर-सांगरीची भाजी तुला करून घालीन, तेल जरा जास्त लागतं. याच झाडांसाठी १७३० मध्ये जोधपूरजवळच्या खेजडलीत अमृतादेवींसह झाडं-प्राणी जपणाऱ्या बिश्नोई पंथाच्या ३६३ जणांनी प्राण दिल्याचं सांगतात. उंटांचं मात्र वाईट चाललंय. २०१४ मध्ये राज्यपशू केला, कत्तलीवर आणि राज्याबाहेर नेण्यावर बंदी आली. पण ट्रॅक्टर-जीपपुढे उंटाला काम उरलं नाही आणि विकायचा तरी कुणाला? २०१९ च्या गणनेत राज्यात जेमतेम दोन लाख तेरा हजार भरले.

जैसलमेरचा किल्ला ११५६ चा, पिवळ्या दगडाचा. २०१३ मध्ये चित्तोड, कुंभलगड वगैरे मिळून सहा किल्ले जागतिक वारशात गेले, त्यांतला हा एक. आत अजून लोक राहतात, दोऱ्यांवर कपडे वाळत असतात. मला हवेल्यांपेक्षा मांगणियार जास्त आवडतात. धर्माने मुसलमान, पण पिढ्यान्‌पिढ्या राजपूत यजमानांच्या घरी जन्म-लग्नाला गाणार, त्यांच्या वंशावळी तोंडपाठ. आता गाण्याची पुष्कळशी कमाई पर्यटकांच्या तंबूंत होते, तिथे फर्माईश तीच तीच दोन-चार गाणी.

आता माझ्या कामाचं. ऊन इथे भरपूर, म्हणून सौर प्रकल्प इथेच. फलोदीजवळचं भडला सौर उद्यान २,२४५ मेगावॉटचं, आपल्याकडच्या बऱ्याच औष्णिक केंद्रांपेक्षा मोठं. पण बाबा, तुमची तलाठ्याची नजर इथे हवी होती. प्रकल्पांना दिलेल्या बऱ्याच जमिनीला सरकारी दप्तरात पडीक म्हटलेलं असतं. प्रत्यक्षात त्यातला काही भाग ओरण असतो, म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान. तिथली फांदी तोडायची नाही, गुरं मात्र चारायची. पिढ्यान्‌पिढ्या राखलेलं रान, आणि सातबाऱ्यासारख्या कागदावर त्याची नोंदच नाही! गावकरी त्यासाठी मोर्चे काढतात आणि मला ते बरोबर वाटतात, पगार माझा सौर कंपनीचा असला तरी.

त्याच माळावर गोडावण असतो. सोलापूरजवळ नान्नजच्या अभयारण्यात तुम्ही आम्हाला दाखवायला नेलं होतं तो माळढोकच हा. आपल्याकडे जवळपास संपला, आता देशातले बहुतेक इथेच. जड पक्षी, समोरचं नीट दिसत नाही, विजेच्या तारांवर आदळतो. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं होतं, २०२४ मध्ये तो आदेश सैल झाला. माझ्या मते जिथे पक्षी आहे तिथे खर्च सोसायलाच हवा.

या सगळ्यासाठी डिसेंबरात या. दिवसा ऊन बरं वाटतं, रात्री हाडं गोठतात. बाबांची कानटोपी आणि आईचे लोकरी मोजे विसरू नका. किल्ल्याचा चढ आईच्या गुडघ्यांना सावकाश घेऊ. येताना शेंगाचटणी आणा, जरा जास्तच. ऑफिसात मागणी आहे.

तुमची,
मनू